अंगण खरंच वाकडं आहे का?

रविवारची दुपार. जेवणं झाली आहेत, मोठी माणसं जरा आडवी झाली आहेत आणि बाहेरच्या खोलीत दोन भावंडं टीव्हीपुढे कंट्रोलर घेऊन बसली आहेत. पाच मिनिटांत आरडाओरडा सुरू होतो.

"तू नेहमी गाईलच घेतोस! माझ्या झँगीफला जवळ येऊच देत नाहीस!"

"मग तू दुसरा घे. खेळता येत नाही तर रडू नकोस."

आतून आजीचा आवाज येतो, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

तुमच्या घरात असं काही घडत असेल, तर आजचं सदर तुमच्यासाठी. आजीची म्हण पुष्कळदा खरी ठरते, पण नेहमीच नाही. मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये अंगण कधी कधी खरोखरच वाकडं असतं. किती वाकडं, यावर जगभरचे खेळाडू तासन्‌तास वाद घालतात. या वादाला त्यांनी नावही दिलं आहे, मॅचअप. म्हणजे अमुक पात्रासमोर तमुक पात्र उभं राहिलं, तर पारडं कुणाचं जड?

वर ज्यांचं भांडण झालं ती जोडीच घेऊ. 'स्ट्रीट फायटर टू' हा कॅपकॉम या जपानी कंपनीचा खेळ 1991 साली आला. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खिशातली नाणी संपवली असतील, त्यांना त्यातले आठ लढवय्ये आठवत असतील. हातपाय लांब करणारा आणि तोंडातून आग ओकणारा आपल्याकडचा धालसिम त्यांतलाच. झाडूसारखे ताठ केस असलेला अमेरिकी सैनिक गाईल आणि लाल चड्डीतला दाढीवाला रशियन पैलवान झँगीफ हेही त्यांतलेच.

गाईल लांबून 'सॉनिक बूम' फेकतो. ते चुकवायला उडी मारली, तर खालून 'फ्लॅश किक' बसते. झँगीफकडे फेकायला काहीच नाही. त्याची सगळी ताकद मिठीत. एकदा शत्रू हाती लागला की उचलून असा आपटतो की बघणाराही कळवळतो. पण हाती लागायला आधी जवळ तर जायला हवं! म्हणून ही जोडी झँगीफसाठी अवघड मानतात. धाकट्याची तक्रार खोटी नाही.

अवघड म्हणजे किती, हे सांगायला खेळाडू दहापैकी आकडे वापरतात. 5-5 म्हणजे बरोबरी, 6-4 म्हणजे थोडं झुकलेलं, 7-3 म्हणजे चांगलंच झुकलेलं. 7-3 चा अर्थ असा की दोन सारख्याच तयारीचे खेळाडू दहा डाव खेळले, तर पडत्या बाजूच्या वाट्याला साधारण तीन येतील. "दहात तीन, म्हणजे तसं बरं आहे," असं वाटेल. पण स्पर्धेत एका डावावर निकाल लागत नाही. जो आधी तीन डाव जिंकेल त्याचा सामना, असा नियम असेल तर दर डावाला दहात तीनची संधी असलेला खेळाडू शंभर सामन्यांपैकी साधारण 16 सामनेच जिंकेल. हिशेब करून पाहा. अंगणाचा छोटासा उतार लांबच्या नाचात असा महागात पडतो.

मात्र त्या वाक्यातले 'सारख्याच तयारीचे' हे शब्द सोडू नका. घरातला बहुतेक वाद तिथेच सुटतो. थोरला सहा महिने खेळतोय आणि धाकट्याने गेल्या आठवड्यात कंट्रोलर हातात घेतला असेल, तर 7-3 चा आकडा त्यांना लागूच होत नाही.

मग खरं कसं कळणार? सोपी परीक्षा आहे. पात्रांची अदलाबदल करा आणि पुन्हा दहा डाव खेळा. धाकटा गाईल घेऊनही हरतच राहिला, तर अंगणाचा दोष थोडा, नाच अजून शिकायचा आहे. पण झँगीफ हातात आल्यावर थोरल्याचीही तारांबळ उडाली, तर धाकट्याचं म्हणणं खरं होतं आणि ते मोठ्या मनाने मान्य करायला हवं. दोघांपैकी कुणीही हरलं तरी दोघांनाही काहीतरी कळतं.

अंगण वाकडं आहे एवढं ठरवून वाद थांबवला, तर त्याचा काही उपयोग नाही. खरे जाणकार पुढचा प्रश्न विचारतात: या उतारावर नाचायचं कसं? झँगीफचंच बघा. सॉनिक बूम फेकण्याआधी गाईलला क्षणभर मागची दिशा दाबून धरावी लागते. म्हणजे त्या क्षणी तो पुढे चालू शकत नाही. झँगीफने अधीर होऊन उड्या मारल्या की संपलं. त्याऐवजी वार अडवत, थोडं नुकसान सोसत, एकेक पाऊल पुढे सरकायचं. मागे हटता हटता गाईल पडद्याच्या कडेला टेकतो. तिथून त्याला पळायला जागा नाही. मॅचअप शिकणं म्हणजे हेच, समोरच्याला काय जमतं आणि कधी जमत नाही, ते ओळखणं.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 2004 सालचं. कॅलिफोर्नियात भरलेल्या 'इव्हो' स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर थ्री: थर्ड स्ट्राइक' या खेळात जपानचा दायगो उमेहारा केन घेऊन खेळत होता आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-ली घेऊन. या खेळात चुन-लीचं पारडं केनपेक्षा जड मानतात. दायगोची ताकद दाखवणारी पट्टी जवळजवळ संपली होती. इतकी, की मोठी चाल साध्या पद्धतीने अडवली असती तरी तो बाद झाला असता. जस्टिनने नेमकी लाथांची मोठी सरबत्ती सोडली. या खेळात वार येतो त्याच क्षणी बरोबर दिशा दाबली, तर तो नुकसान न होता परतवता येतो. दायगोने ओळीने 15 लाथा अशा परतवल्या, उलटा वार केला आणि डाव जिंकला. प्रेक्षकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

या एका डावाने पारडं बदललं नाही. चुन-ली तेव्हाही वरचढ होती, आजही आहे. आणि त्या स्पर्धेची अंतिम लढत दायगो हरला. पण उतारावर उभं राहून त्याने तक्रार केली नाही. त्या चालीचा ताल त्याला लाथेगणिक ठाऊक होता.

दुसरी गोष्ट 2019 ची आणि आपल्या शेजारची. 'टेकन' या खेळात तेव्हा दबदबा होता तो कोरिया आणि जपानच्या खेळाडूंचा. कोणतं पात्र कुणाला भारी, हे सगळं ठरल्यासारखंच होतं. त्या वर्षी लाहोरचा अर्सलान ॲश आधी जपानमधली 'इव्हो' जिंकला आणि नंतर अमेरिकेतली. तिथे अंतिम लढतीत त्याने कोरियाच्या नामवंत 'नी'ला हरवलं. आपल्या देशात याहून तगडे खेळाडू आहेत, असंही तो सांगत होता. पुढे नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळला. पात्रांचा कोणताही तक्ता म्हणजे आजवर पाहिलेल्या डावांचा हिशेब. जे डाव आपण पाहिलेच नाहीत, ते त्यात कुठून येणार?

आणि "आमचं आता वय झालं," म्हणणाऱ्या बाबा-काकांसाठी एक निरोप. हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 2023 साली 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं. तेव्हा ते 44 वर्षांचे होते. म्हणजे तेही अंगण तुम्हाला वाटतं तितकं वाकडं नाही.

पुढच्या वेळी घरातलं कुणी हरून रुसलं, तर लगेच म्हण ऐकवू नका आणि "खेळच तर आहे" म्हणून उडवूनही लावू नका. शेजारी बसा आणि विचारा, "नेमकं कुठल्या चालीने हरलास?" प्रत्येक हार म्हणजे अन्याय, असं शिकलेलं मूल कधी सराव करत नाही. प्रत्येक हार म्हणजे आपलाच दोष, असं शिकलेलं मूल एक दिवस कंट्रोलर खाली ठेवतं. उतार किती आणि आपली चूक किती, हे वेगळं काढता आलं, तर ते परीक्षेत आणि नोकरीतही कामाला येतं.

आजी, तुमची म्हण खरीच आहे. फक्त ती म्हणण्याआधी एकदा बाहेर येऊन अंगण बघा. जमलं तर एक डावही खेळा. झँगीफ तुमच्याकडे!