पावत्या फाडाच, पण मालकाच्याही नावाने फाडा!

"दहानं काय हुतंय?" वेगाच्या चलनाचा मेसेज मोबाइलवर आला की कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत येणारा-जाणारा वाहनधारक हाच सवाल टाकतो. मर्यादेपेक्षा मी फक्त दहाने पुढे होतो. दारू प्यालो नव्हतो, कुणाला ठोकरले नव्हते. मग दंड कशाबद्दल? लगेच कुणीतरी गावपुढारी त्याची बाजू घेतो, साहेबांना फोन जातो, "सोडा की, आपलाच माणूस हाय." अशा रीतीने रोज एक गुन्हा चहाच्या कपात विरघळवला जातो आणि त्यालाच माणुसकी म्हणण्याची आमच्या जिल्ह्यात प्रथा पडली आहे. धिक्कार असो या माणुसकीचा!

दहाने काय होते ते हिशेबानेच ऐका. रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम, चालक जागा. समोर साधारण 20 मीटरवर पाळी सुटलेला एक कामगार रस्ता ओलांडतो आहे. तो दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. 40 ने येणारी मोटार त्या सेकंदात 11 मीटर जाते आणि पुढच्या नऊ मीटरांत थांबते. कामगार चालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि घरी जाऊन जेवतो. 50 ने येणारी मोटार मात्र ब्रेक लागण्याआधीच 14 मीटर पुढे आलेली असते, आणि त्याच्या अंगावर जाते तेव्हाही तिचा वेग ताशी 35 च्या पुढे असतो. भरलेल्या ट्रकचा आणि टक्कल पडलेल्या टायरांच्या टेम्पोचा हिशेब आम्ही मुद्दाम मांडत नाही. तो वाचवणार नाही. बरे, एवढे करून कमावले काय? लक्ष्मी टेकडीपासून पाच किलोमीटर आत जायला 40 ने साडेसात मिनिटे लागतात, 50 ने सहा. दीड मिनिट! एवढ्या वेळात पानाला चुनासुद्धा लावून होत नाही.

2022 साली या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतली 15,224 महाराष्ट्रातली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय देशातल्या या मृत्यूंपैकी 71 टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यावर टाकते. पंचनाम्यात दुसरे काही सुचले नाही की 'अतिवेग' लिहून मोकळे होणारे पोलीस आम्हाला ठाऊक आहेत. म्हणून आकडा निम्मा धरा. तरी साठ हजारांच्या घरात जातो. आणि मेलेल्यांत दर शंभरांतले 44 दुचाकीवरचे. कसबा सांगाव, हुपरी, रेंदाळ, पट्टणकोडोलीहून आणि सीमेपलीकडच्या निपाणीकडून पंचतारांकितला कामाला येणारा माणूस कशावरून येतो, हे कुणी सांगायला हवे काय?

आता कारखान्याच्या गेटकडे वळू. गेटच्या आत वेगमर्यादेचा फलक असतो: कुठे 20, कुठे 10. फोर्कलिफ्टने ती ओलांडली की सेफ्टी ऑफिसर जागच्या जागी झापतो. माल भरायला आलेला ट्रकचालकसुद्धा तिथे गोगलगाय होतो. सिक्युरिटीने शिट्टी मारली तर "दहानं काय हुतंय" म्हणायची त्याची छाती होत नाही. तोच ट्रक, तोच चालक, तोच कामगार गेटबाहेर आला की कायदा बदलतो कसा? आत अपघात झाला तर कारखाने निरीक्षक दारात येतो, उत्पादन थांबते, मालकाचे नाव येते. बाहेर मेला तर तो 'रस्त्यावर मेला'. मालकाने हार पाठवला की हिशेब मिटला! म्हणजे कामगाराच्या जिवाची किंमत गेटच्या आत एक आणि बाहेर एक आहे, आणि ती कारखानदारांनी ठरवलेली आहे.

आणि चालकाला पळवतो कोण? दोन मिनिटे उशीर झाला की लेटमार्क लावणारा टाइमकीपर. खेपेवर पैसे देणारा ट्रान्सपोर्टवाला. पाळीची बस अमुक वाजता गेटवर नसेल तर बिल कापणारा एचआर. ही मंडळी घाम न गाळता वेग वाढवतात आणि पावती येते ती बारा-पंधरा हजारांच्या ड्रायव्हरला. मोटार वाहन कायद्याचे कलम 183 आम्ही या महाशयांना वाचायला देतो. वेगमर्यादा मोडून गाडी चालवणाराच नव्हे, तर आपल्या नोकराला किंवा हाताखालच्या माणसाला तशी चालवायला लावणाराही त्या कलमाखाली गुन्हेगार आहे. मर्यादा पाळून जमणारच नाही असे वेळापत्रक काढले, तर ते वेळापत्रक मालकाविरुद्ध सकृद्दर्शनी पुरावा ठरते. हे 1988 पासून कायद्यात आहे! या कलमाखाली हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, अवजडाला दोन ते चार हजार दंड, आणि पुन्हा सापडल्यास परवाना जप्त. ड्रायव्हरचे कलम तोंडपाठ असणाऱ्या पोलिसांना त्याच कलमातला मालक दिसत नाही, हा दृष्टिदोष आहे की शिष्टाचार?

पोलिसांनाही आम्ही सोडणार नाही. महामार्गाच्या मोकळ्या सरळ पट्ट्यात इंटरसेप्टर उभी करून मोटारी टिपणे सोपे आहे. आकडे फुगतात, पाठ थोपटली जाते. पाळी सुटताना वसाहतीच्या चौकात उभे राहायला मात्र अंगावर धूळ घ्यावी लागते. कॅमेऱ्याने टिपायचे तर आधी ठळक फलक लावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 167-अ सांगतो. तो पाळा, म्हणजे पळवाट उरणार नाही. वसाहतीच्या आतल्या रस्त्यांसाठी वेगळी मर्यादा अधिसूचित केली नाही, तर केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे 'इतर रस्ते' म्हणून मोटारीला 70 ची मुभा मिळते. सायकली, पायी कामगार आणि हंगामात कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या जोडट्रॉल्या असलेल्या रस्त्यावर 70! स्टॉकहोममध्ये 2020 साली जगभरच्या मंत्र्यांनी जिथे माणसे आणि वाहने मिसळतात तिथे 30 ची मर्यादा मागितली. आम्ही निदान 40 मागतो, आणि पाळी बदलताना गेटसमोर 30. रस्त्याचा आराखडा किंवा देखभाल नियमाला धरून नसल्याने माणूस मेला, तर ठेकेदाराला आणि रस्त्याच्या जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड करणारे कलम 198-अ आहे. तेही वहीतून बाहेर काढा.

गळीत हंगाम तोंडावर येईपर्यंत वाट पाहू नका. जिल्हाधिकाऱ्यांनी मर्यादेची अधिसूचना काढावी, एमआयडीसीने फलक ठोकावेत, आणि फलक सुकायच्या आत पोलिसांनी दुसऱ्या पाळीच्या वेळी यंत्र घेऊन चौकात उभे राहावे. 50 ने आलेल्या बसच्या चालकाला पावती द्या. मग त्याच्याकडून ट्रिपशीट मागून घ्या, गेटवरची वेळ वाचा, आणि दुसरी नोटीस ज्याची सही त्या वेळेखाली आहे त्याच्या केबिनमध्ये नेऊन द्या.