टर्बो सी अजून किती वर्षं?

स्पष्टच लिहितो, कॉलेजवाल्यांना राग आला तरी चालेल.

टर्बो सी बोर्लंड कंपनीने 1987 साली काढलं, डॉससाठी. आजच्या 64 बिट विंडोजवर ते सरळ चालतच नाही, म्हणून लॅबमध्ये डॉसबॉक्स टाकतात. डॉसबॉक्स म्हणजे जुने गेम खेळता यावेत म्हणून बनवलेलं सॉफ्टवेअर! त्यात बसून आपली पोरं इंजिनिअरिंग शिकतायत, आणि आईबाप त्याची फी भरतायत.

माझ्या पुतण्याने प्रॅक्टिकलला ‘इंट मेन’ लिहिलं आणि ‘क्लिअरस्क्रीन’ची ओळ टाकली नाही. मार्क कापले. (कॉलेजचं नाव घेत नाही, कळायचं त्यांना कळेल.) अहो, ‘कोनिओ’ ही हेडर फाइल सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीच. ती मुख्यतः डॉसच्या कंपायलरांची सोय होती. म्हणजे जो कुठेही चालेल असा कोड लिहितो त्याचे मार्क जाणार, आणि जो फक्त त्या निळ्या खिडकीत चालेल असा लिहितो त्याला पैकीच्या पैकी!

हा नुसता हट्ट नाही. टर्बो सीमध्ये ‘इंट’ 16 बिटांचा. त्यात 200 गुणिले 200 केलं की उत्तर येतं उणे 25536. लिनक्सवर जीसीसीने तोच कोड कंपाइल करा, 40000 येतं. कारण ‘इंट’ किती मोठा हे मशीन आणि कंपायलर ठरवतात. नेमके 32 बिट हवे असतील तर त्यासाठी 1999च्या स्टँडर्डपासून वेगळे टाइप आहेत. 1973 मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये पुन्हा लिहिला, म्हणून तर तो पुढे एका मशीनवरून दुसऱ्यावर नेता आला. ज्या भाषेची कीर्ती यासाठी, ती आपण एका मेलेल्या सिस्टिमला बांधून शिकवतो.

मी एम्बेडेडमध्ये काम करतो, मुलाखती घेतो. गावाकडची पोरं हुशार असतात हो. पण कर्नल मॉड्यूल म्हणजे काय विचारलं की गप्प. त्यात अवघड काय आहे? वीसेक ओळींची सी फाइल, एक छोटी मेकफाइल, आणि चालू कर्नलचे हेडर. ‘मेक’ मारायचं, ‘इन्समॉड’ने चढवायचं, ‘डीमेसेज’मध्ये आपला संदेश बघायचा. तिथे ‘प्रिंटएफ’ चालत नाही, ‘प्रिंटके’ लागतं, कारण कर्नलच्या आत सीची नेहमीची लायब्ररीच नसते. दुसऱ्या कर्नलसाठी बनवलेलं मॉड्यूल सहसा चढतच नाही, पुन्हा कंपाइल करावं लागतं. साधा प्रोग्राम मात्र कर्नल बदलला तरी बहुधा चालत राहतो. हा फरक का, एवढं डोक्यात बसलं की ऑपरेटिंग सिस्टिमचा अर्धा विषय कळला. चुकलं तर मशीन अडकेल, म्हणून व्हर्च्युअल मशीनवर करायचं. झालं.

‘पोरांना झेपणार नाही’ म्हणतात. पोरांना सगळं झेपतं, नोट्स बदलायचा कंटाळा कुणाला आहे ते बघा. आणि पैशाचं कारण तर सांगूच नका. लिनक्स फुकट, जीसीसी फुकट, लॅबमधल्या जुन्या डबड्यांवरही चालतं.

पालकांनो, पुढच्या सभेत विचारा: लॅबमध्ये जीसीसी आहे का? ‘सिलॅबसमध्ये नाही’ म्हणाले तर सिलॅबसची प्रत मागा आणि त्यात टर्बो सीचं नाव कुठे आहे ते दाखवायला सांगा. इन्स्टॉल करायला माणूस नाही म्हणाले तर माझा नंबर द्या, रविवारी पेनड्राइव्ह घेऊन येतो.