गुंठ्याचा भाव, डॉट कॉमचा भाव

गावाकडे रोडटच जमिनीचा भाव विचारा, पाच मिनिटांत पाच जण पाच आकडे सांगतील. पण वेबसाइटच्या नावाचा, म्हणजे डोमेन नेमचा भाव? तिथे भल्याभल्यांची बोलती बंद! आणि कानावर येतात त्या फक्त जॅकपॉटच्या कथा. 'व्हॉइस डॉट कॉम' २०१९ मध्ये ३ कोटी डॉलर्सना गेलं. हबस्पॉटचे सहसंस्थापक धर्मेश शहा यांनी २०२३ मध्ये 'चॅट डॉट कॉम' १ कोटी ५५ लाख डॉलर्सना घेतलं, पुढे ते ओपनएआयकडे गेलं. हजार-बाराशे रुपयांत मिळणारी चीज आणि असा भाव! वाटतं, बॉस, नोकरी सोडा आणि नावं घ्या.

माझ्या एका मित्राने नोकरी सोडली नाही, पण नावं मात्र घेतली. पठ्ठ्या इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचा, नोकरी मगरपट्ट्यात. तीन वर्षांत चाळीस नावं जमवली. गेल्या महिन्यात त्याला मेल आली. डाळिंबाच्या एका नावाला चार लाख रुपये देतो. अट एकच, अमुक साइटवरून 'व्हॅल्युएशन सर्टिफिकेट' आणा. फी नऊ हजार. गडी कार्ड काढून तयार!

थांबा. ही या धंद्यातली जुनी टोपी आहे. 'गिऱ्हाईक' आणि सर्टिफिकेट देणारी साइट, दोन्ही एकाच माणसाची. फी भरली की गिऱ्हाईक गायब. खरा खरेदीदार घासाघीस करतो, सर्टिफिकेट मागत नाही. मित्राने उलटा मेल टाकला, 'फी तुम्हीच भरा, चार लाखांतून वजा करा.' उत्तर अजून यायचंय!

मग खरा भाव ठरवायचा कसा? त्या शनिवारी आम्ही निरवांगीलाच होतो. हा प्रश्न मी त्याच्या वडिलांसमोर टाकला. इंटरनेटशी त्यांचा संबंध व्हॉट्सअॅपपुरता. उसाला पाणी सोडून आलेले अण्णा म्हणाले, "पोरी, आधी सांग, गिऱ्हाईक कोन हाय? गिऱ्हाईक नसंल तर भाव नुसता बोलायचा."

फंडा एकदम क्लिअर! बाकी सगळं याच्याच पुढचं.

गिऱ्हाईक मोजा
'निरवांगी डॉट कॉम' कोण घेईल? गावावर प्रेम असणारं एखादं माणूस. पण जवळच्याच भिगवणचं नाव आणि त्यापुढे 'बर्डिंग' असा शब्द लावा. उजनीच्या पाणलोटात फ्लेमिंगो पाहायला पुण्या-मुंबईहून गाड्या येतात. तिथे होमस्टेवाले आहेत, नाववाले आहेत, टूरवाले आहेत. या नावाने ज्यांचा धंदा वाढेल असे किमान दहा जण डोळ्यांसमोर आले, तरच ते नाव विकायला ठेवण्यात अर्थ आहे.

फोनवर सांगून बघा
ऐकणाऱ्याने पहिल्या फटक्यात बरोबर टाइप केलं पाहिजे. मराठी नावांची इथेच गोची होते. निरवांगी लिहिताना 'व्ही' की 'डब्ल्यू'? मध्ये 'ए' एक की दोन? दोन स्पेलिंगं निघाली की भाव उतरला. देवनागरीत '.भारत' २०१४ पासून मिळतं, तिथे ही भानगड नाही. पण पुनर्विक्रीच्या बाजारात अजून डॉट कॉमलाच जास्त मागणी, मग आपल्याकडे डॉट इनला.

शेजारचा व्यवहार बघा
जमिनीचा भाव काढताना शेजारचं रान कितीला गेलं ते बघतो ना? तसंच इथे. 'नेमबायो' या साइटवर झालेल्या विक्रीच्या नोंदी मिळतात. तुमच्यासारखं नाव, तेवढीच अक्षरं, तोच शेवट, गेल्या दोन-तीन वर्षांतला व्यवहार, असं जुळवून बघा. गोडॅडी किंवा एस्टिबॉटसारखी ऑटोमॅटिक टूल्स आकडा सांगतात, तो रेडी रेकनरसारखा धरा. अंदाजाला ठीक. त्या भावाने कुणी पैसे मोजेलच असं नाही, आणि मराठी शब्द तर त्या टूलला बऱ्याचदा कळतच नाहीत.

रिन्यूअल विसरू नका
धंद्यातले जुने लोक सांगतात, शंभर नावांतून वर्षाला एखाद-दुसरं विकलं जातं. मित्राची नावं चाळीस. नावामागे बाराशे धरले तर वर्षाला अठ्ठेचाळीस हजार. त्या वेगाने त्याचं एक नाव सव्वा ते अडीच वर्षांनी जाणार. म्हणजे ते साठ हजार ते एक लाख वीस हजारांना गेलं, तर कुठे हात बरोबरीला! वर मार्केटप्लेसचं कमिशन वेगळंच.

दुसऱ्याच्या बांधावर जाऊ नका
मित्राच्या यादीत दोन नावं नामांकित कंपन्यांच्या नावाजवळ जाणारी निघाली. "हीच महाग जातील," तो म्हणाला. उलट आहे, राजा! १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'रेडिफ' विरुद्ध 'रॅडिफ' हा खटला गाजला. एका अक्षराच्या फरकाने घेतलेलं नाव वापरायला कोर्टाने मनाई केली. डोमेन नेम म्हणजे नुसता पत्ता नाही, त्याला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळायला हवं, असं म्हटलं.

ताजं उदाहरण 'जिओहॉटस्टार डॉट कॉम'चं. दिल्लीच्या एका डेव्हलपरने विलीनीकरणाची कुणकुण लागताच २०२३ मध्ये ते घेतलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंब्रिजच्या शिक्षणासाठी ९३,३४५ पौंड मागितले. साधारण एक कोटी रुपये! कंपनीने नकार दिला. नाव दुबईच्या दोन भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी जाहीर केली. गिऱ्हाईक एकच आणि त्याच्या हातात ट्रेडमार्क, मग भाव उरतोच कुठे?

त्या रात्री आम्ही चाळीस नावं एकेक करून चाळली. एकोणतीस नावं रिन्यू करायची नाहीत असं ठरलं, त्या दोन नावांसकट. वर्षाचे चौतीस हजार आठशे वाचले. उरलेल्या अकरांत डाळिंबवालं आहे. त्याची मागणी सत्तर हजार ठेवलीय, पन्नासच्या खाली द्यायचं नाही. गावाच्या नावालाही गिऱ्हाईक नाही, पण ते त्याने ठेवलं. तो हिशोब वेगळा.

जाता जाता शेवटची टिप. सौदा जमला तर पैसे एस्क्रोत जमा झाल्याशिवाय ट्रान्सफरचा कोड कुणालाही देऊ नका. इसार न घेता सातबारा कुणी हातात देतं का? चला, भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर आपापली नावं मोजून ठेवा, आणि गिऱ्हाइकंसुद्धा!