अनंत फंदीतला 'फंदी' कुणाचा?

संगमनेरात कवी अनंत फंदी यांच्या नावाने व्याख्यानमाला भरते. दोनशे वर्षांपूर्वी वारलेल्या गीतकाराचे नाव गावाने असे जपावे, ही साधी गोष्ट नाही. आपल्या जिल्ह्यात साखरसम्राटांच्या नावाने संस्था पुष्कळ आहेत, लावणीकाराच्या नावाने क्वचितच. फंदीचे चाहते आजही आहेत. शाळेत त्याचा फटका पाठ केलेल्या पिढ्या अजून तो घडाघडा म्हणून दाखवतात.

पण हे चाहते फंदीवर प्रेम का करतात, ते ऐकले की मला खटकते. सांगण्याची रीत ठरून गेली आहे. फंदी आधी तमाशात होता, शृंगारिक लावण्या रचायचा. मग अहिल्याबाई होळकरांनी त्याला समज दिली. त्याने तमाशा सोडला, कीर्तन धरले आणि पुढे लोकांना उपदेश करणारे फटके लिहिले. वाट चुकलेला गुणी माणूस आणि त्याला वाटेवर आणणारी पुण्यश्लोक राणी. जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, त्यामुळे ही गोष्ट आता आणखी आवडीने सांगितली जाईल. अहिल्याबाई इथल्याच, जामखेड तालुक्यातल्या चोंडीच्या. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि आख्यायिका खोटी ठरवण्याची घाईही नाही. मात्र या गोष्टीत फंदीची सगळी कारकीर्द म्हणजे एका पश्चात्तापाची कहाणी होऊन बसते. मला त्याचे जे आवडते ते नेमके त्यातून गळते, आणि त्याच्याबरोबर एक माणूसही गळतो.

आधी तारखा पाहू. फंदी 1744 चा. पानिपत झाले तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता आणि पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी, 1819 मध्ये तो वारला. अहिल्याबाई गेल्या 1795 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे त्यांनी कानउघाडणी केली असेल ती त्याआधीच, तो पन्नाशीला टेकला असताना किंवा त्याहून तरुण असताना. आता त्याच्या गाजलेल्या रचना बघा. खर्ड्याच्या लढाईवरचा पोवाडा: ती लढाई 11 मार्च 1795 ला झाली. सवाई माधवरावांवरचे ओवीबद्ध काव्य: माधवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले. दुसरा बाजीराव गादीवर आला 1796 च्या अखेरीस, आणि त्याच्या कारभारावर फंदीने जे कोरडे ओढले ते अर्थात त्याच्याही नंतरचे. वाडवडिलांच्या काळचे इमानी नोकर उपाशी मरतात आणि ऐतखाऊंच्या पंगती झडतात, असे त्याने भर पेशवाईत पेशव्यालाच सुनावले. हे कीर्तनकाराचे काम नाही, शाहिराचे आहे. तमाशा सुटला असेल, शाहिरी सुटलेली दिसत नाही.

म्हणून मी त्याची कारकीर्द वेगळी वाचतो. या माणसाला समोर कोण बसले आहे ते कळत होते. फडात रात्र जागवायला आलेला शेतकरी-शिपाई असेल तर लावणी, लढाई जिंकून परतलेली फौज असेल तर पोवाडा, देवळाच्या ओवरीत बसलेली बायामाणसे असतील तर कीर्तन, आणि संसारात चाचपडणाऱ्या सगळ्यांसाठी फटका. फटका हा प्रकार तर मराठीत त्याच्याच नावावर जमा आहे. नावाप्रमाणेच तो बसतो. ओळ लहान, ताल जलद, दर ओळीला एक रट्टा. उपदेश आहे, पण तो ऐकताना पाय ठेका धरतात. देवळातल्या माणसाला हे सुचले नसते. डफाच्या थापेवर शब्द बसवण्यात ज्याची उमर गेली, त्यालाच ते जमले. ज्या फटक्यासाठी लोक त्याला 'सुधारलेला' म्हणून डोक्यावर घेतात, तो फटका तमाशानेच शिकवलेला आहे.

त्याच्या काळच्या बरोबरीच्या कलावंतांनी हे ओळखले होते. होनाजी बाळा हा काही लहान शाहीर नव्हे. त्याने फंदीला कवनांचा समुद्र म्हटले आहे. प्रतिस्पर्ध्याने दिलेली दाद ही चाहत्यांच्या दादेपेक्षा महाग असते. पुढे शंकर तुकाराम शाळिग्रामांसारख्या माणसांनी शाहिरांच्या रचना गोळा करून छापल्या, म्हणून आपल्यापर्यंत काही पोचले. नाहीतर हे सगळे हवेत विरले असते.

आता ज्या माणसाविषयी मला बोलायचे आहे, तो.

अनंताचे आडनाव घोलप. संगमनेरचे यजुर्वेदी ब्राह्मण घर. मग 'फंदी' कुठून आले? जुन्या चरित्रकोशांत याचे उत्तर आहे आणि ते कुणी लपवलेले नाही, फक्त कुणी मोठ्याने म्हणत नाही. संगमनेरात मलिक नावाचा एक फकीर होता. लोकांशी तऱ्हेवाईक वागायचा म्हणून लोक त्याला फंदी म्हणत. फंद म्हणजे नाद, छंद, वेळप्रसंगी लबाडीसुद्धा. या मलिक फंदीशी अनंताची दोस्ती जमली आणि गावाने अनंतालाही फंदी करून टाकले. त्याच्या साथीदारांत मलिक फंदी, रतन फंदी, राघव फंदी अशी नावे येतात. म्हणजे आजच्या भाषेत ते एका बँडचे नाव झाले होते आणि ते एका मुसलमान फकिराकडून आले होते.

शाहीर रचनेच्या शेवटी आपले नाव गुंफतो. गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस येतो, तसेच. ते नाव रसिक वाट पाहून ऐकतात, त्यावर दाद देतात. विचार करा, घोलपांचा हा मुलगा गावोगावच्या फडांत, सरदारांच्या वाड्यांत, नंतर देवळातल्या कीर्तनांतसुद्धा कोणते नाव घेऊन उभा राहिला? वडिलांचे नाही, कुळाचे नाही. दोस्ताचे. 'सुधारल्यावर' त्याला ते टाकून देता आले असते. पन्नाशीतल्या कीर्तनकाराला 'अनंतबुवा घोलप' हे नाव शोभून दिसले असते. त्याने टाकले नाही. माझ्या मते त्याच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा निर्णय आहे आणि त्यावर व्याख्यान झालेले मी अजून ऐकलेले नाही.

यावर कुणी म्हणेल, झाले सुरू, आता प्रत्येक गोष्टीत मुसलमान शोधायचा. शोधावा लागत नाही हो, तो नावातच आहे. आणि नावात नसता तरी शब्दांत सापडला असता. ज्या फटक्याला मराठी घरांत संस्कार म्हणून पाठ करून घेतात, त्यात 'सालस' आहे, 'निखालस' आहे, 'खुशामत' आहे. सालस हा अरबीतला 'सालिस', म्हणजे तिसरा, मध्यस्थ, दोघांच्या भांडणात न सापडलेला. मराठीत येऊन तो भला माणूस झाला. निखालसमध्ये अरबी 'खालिस' आहे, त्याला मराठीने पुढे 'नि' जोडला. एरवी 'नि' लावला की अर्थ उलटतो, इथे तो आणखी पक्का झाला. व्याकरणाच्या मास्तरांनी डोक्याला हात लावावा असा प्रकार, पण बोलणाऱ्यांना काही अडले नाही. खुशामत फारसी. हे शब्द फंदीने कुठून मुद्दाम आणले नाहीत. संगमनेरच्या पेठेत ते होते, फौजेत होते, कचेरीत होते. लोक जसे बोलतात तसे तो लिहीत होता, एवढेच.

हे सांगण्याची गरज का वाटते? कारण माझ्या पिढीच्या प्रत्येक मराठी मुसलमानाने एक वाक्य ऐकलेले आहे: "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता." कौतुकानेच म्हणतात, राग येऊ नये. पण ज्याच्या घरात पाच पिढ्या याच गोदा-प्रवरेच्या काठी शेती झाली, त्याला परदेशातून आलेल्या पाहुण्यासारखी शाबासकी द्यायची, यात काय गृहीत धरलेले आहे ते दोघांनाही कळते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. लावणीच्या सुवर्णकाळातला सगनभाऊ जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. ही भाषा आम्ही शिकून घेतलेली नाही, घडवण्यात हात घातलेला आहे.

खर्ड्याच्या पोवाड्याबद्दलही मला विचारतात. तुमचा निजाम हरला, मग तुम्हाला कसा आवडतो? 'तुमचा' या शब्दाला माझा आक्षेप आहे. खर्डा हे निंबाळकरांचे ठाणे आणि हे निंबाळकर निजामाचे सरदार. लढाया राज्यांच्या होत्या. त्या पोवाड्यातले रण माझ्याच जिल्ह्यातले आहे, जामखेडपासून जवळ. मी तो माझ्या गावचा पोवाडा म्हणूनच वाचतो.

आता दुसरी बाजू, आपल्या घरातली. आमच्याकडची पोरे एमसी स्टॅन ऐकतात. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ. 'तडीपार' नावाचा अल्बम काढला, 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला, त्या वेळी नगरच्या मुकुंदनगरापासून मुंबईपर्यंत पोरांनी मोबाईल हातात घेऊन मतांचा पाऊस पाडला. त्याच्या गाण्यात शिव्या आहेत, बडेजाव आहे, बायकांविषयी असे काही आहे की मी ते चारचौघांत ऐकू शकत नाही. मी भाच्याला विचारले, यात तुला काय आवडते? तो म्हणाला, "मामू, वो अपने जैसा बोलता है." मी गप्प बसलो, कारण उत्तर बरोबर होते. 'तडीपार' हा पोलीस चौकीतला मराठी शब्द, 'शेमडी' ही आपल्या गल्लीतली शिवी. पुण्याच्या वस्तीतली मराठी मिसळलेली हिंदी पहिल्यांदाच देशभर वाजली आणि तिला कुणी हसले नाही.

स्टॅनचे लहानपण कव्वालीत गेले म्हणतात. तिथून तो रॅपकडे आला. फंदी फडातून कीर्तनाकडे गेला, हा उलट्या दिशेने. त्यामुळे आमच्यातली बुजुर्ग मंडळी म्हणतात, तौबा करावी, नात म्हणावी, मग आम्हीही ऐकू. इंदूरला त्याचा कार्यक्रम गाण्यातल्या शिव्यांवरून बंद पाडणारे वेगळ्या झेंड्याचे होते, मागणी फार वेगळी नव्हती. कलावंत आधी धुऊन घ्यायचा आणि मग आपला म्हणायचा, यात दोन्हीकडच्यांचे एकमत आहे. स्टॅन फंदीच्या तोडीचा आहे असे मी अजिबात म्हणत नाही. तेवीसाव्या वर्षी ट्रॉफी मिळवणे वेगळे आणि पंचाहत्तर वर्षे जगून चार प्रकारांत नाव करणे वेगळे. पण त्याच्या शिव्यांवर बोलायचे तर बोलावे, त्याची बोली मात्र गुन्हा ठरवू नये. फंदीच्या लावणीवर नाक मुरडणाऱ्यांनी त्याची बोली ठेवली आणि लावणी टाकली. आपणही आपल्या पोरांशी तेच करणार असू, तर दोनशे वर्षांनी त्यांच्या नावानेही व्याख्याने होतील, गाणी मात्र कुणाला पाठ नसतील.

संगमनेरच्या मंडळींना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. व्याख्याने चांगली होतात, ती व्हावीत. त्यातली एक संध्याकाळ मात्र डफ-तुणतुण्याला द्यावी. फटका म्हणावा, खर्ड्याचा पोवाडा म्हणावा, आणि लावणीही म्हणावी, संकोच न करता. सूत्रसंचालकाने फंदीची ओळख करून देताना अहिल्याबाईंचे नाव घ्यावेच, पण त्याआधी मलिकचे घ्यावे, कारण तो त्यांच्या आधी भेटला होता. मुकुंदनगरची दोन-चार पोरे घेऊन मी येतो. गाडीचे पेट्रोल माझे.