अब्बांचे चालणे, अम्मीची झोप

घरातील वडीलधारी माणसे एखाद्या पाहुण्याचे नाव विसरली, डोळ्यावर चष्मा असताना चष्मा शोधू लागली, की आपण सहज म्हणून जातो, "आता वय झाले त्यांचे." त्यांचे गुडघे दुखले तर आपण तेल चोळून देतो. साखर वाढली तर डॉक्टरांकडे नेऊन गोळी बदलून आणतो. पण स्मरणशक्ती साथ देईनाशी झाली की तो वयाचाच भाग समजून गप्प बसतो. या महिन्याच्या सदरात आम्ही या गप्प बसण्याबद्दल बोलणार आहोत.

वयाबरोबर थोडा विसर पडणे स्वाभाविक आहे. नमाजमध्ये किती रकात झाल्या याचा घोळ कधी ना कधी तरुणांचाही होतो. पण हा विसर किती वेगाने वाढेल, हे एकटे वय ठरवत नाही. शरीराची हालचाल किती आणि रात्रीची झोप किती, याचाही त्यात वाटा असतो. आणि या दोन गोष्टी एकमेकींना धरून असतात. त्यातली एक सांभाळली आणि दुसरी सोडून दिली, तर सांभाळलेलीही पुरती कामी येत नाही.

दहा वर्षांचा हिशेब

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील पन्नाशी ओलांडलेल्या 8,958 स्त्री-पुरुषांची माहिती त्यांनी दहा वर्षे पाहिली. ही माणसे किती हालचाल करतात आणि साधारण किती तास झोपतात, हे त्यांना सुरुवातीला विचारले होते. पुढे ठरावीक काळाने त्यांची चाचणी होत राहिली. चाचणी साधीच होती. दहा शब्द ऐकायचे, ते लगेच आणि थोड्या वेळाने आठवून सांगायचे. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावे सुचतील तितकी सांगायची.

सुरुवातीला अपेक्षित तेच दिसले. जी माणसे जास्त हालचाल करत होती त्यांची बुद्धी जास्त तल्लख होती. पण पुढच्या दहा वर्षांत एक वेगळी गोष्ट समोर आली. भरपूर हालचाल करणारी, पण सहा तासांपेक्षा कमी झोपणारी जी माणसे पन्नाशी-साठीत होती, त्यांची घसरण जास्त वेगाने झाली. दहा वर्षांनी ती जवळजवळ तिथेच येऊन पोहोचली, जिथे कमी हालचाल करणारी माणसे होती. म्हणजे चालण्या-फिरण्याने मिळवलेली आघाडी अपुऱ्या झोपेने हळूहळू खाऊन टाकली. सत्तरीपुढच्या लोकांत मात्र कमी झोपेनंतरही व्यायामाचा फायदा टिकून राहिलेला दिसला.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. सत्तरी गाठलेल्या दादा-दादींना "आता चालून काय उपयोग" असे कुणी म्हणू नये, उपयोग आहेच. आणि जे आज पन्नाशी-साठीत आहेत, म्हणजे आपल्यापैकी अनेकांचे अम्मी-अब्बा, त्यांच्यासाठी झोप हा चैनीचा विषय नाही. अशा अभ्यासात लोकांनी स्वतः सांगितलेल्या तासांवर विसंबावे लागते. शिवाय कधी कधी मेंदूचा आजार आतून सुरू झालेला असतो, म्हणूनही झोप बिघडते. त्यामुळे सगळा दोष कमी झोपेवरच टाकता येत नाही. पण दुसऱ्या अभ्यासांचे बोटही याच दिशेला आहे. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार लोकांच्या पंचवीस वर्षांच्या माहितीवरून 2021 मध्ये असे दिसले की, जे पन्नास, साठ आणि सत्तर या तिन्ही वयांत रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपत होते, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त होता.

चालण्याने डोक्यात काय होते?

चालण्याचा संबंध आपण पायांशी आणि पोटाशी जोडतो. पण भरभर चालताना हृदय जास्त रक्त ढकलते आणि मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या निरोगी राहायला मदत होते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, आणि हेच दोन आजार मेंदूचे सर्वात जास्त नुकसान करणाऱ्यांपैकी आहेत.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. नव्या आठवणी साठवण्याचे काम त्याचे. उतारवयात तो हळूहळू आकसत जातो. अमेरिकेत 120 वयस्क लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत चालायला लावले. बाकीच्यांना फक्त अंग ताणण्याचे हलके व्यायाम दिले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढलेला आढळला. दुसऱ्या गटात तो आणखी घटला होता. यासाठी ना महागडे औषध लागले ना जिम.

झोपेत मेंदू रिकामा बसत नाही

दिवसभरात जे पाहिले, ऐकले, शिकलो, त्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे हा हिशेब मेंदू झोपेत करतो. गाढ झोपेत आठवणी पक्क्या होतात. वय वाढते तशी ही गाढ झोप आपोआप कमी होते, म्हणून जी काही मिळते ती तुटू न देणे महत्त्वाचे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना 2013 मध्ये उंदरांवरील प्रयोगात असेही दिसले की, झोपेत मेंदूतील टाकाऊ द्रव्ये धुऊन काढण्याचे काम वेग घेते. माणसाच्या मेंदूत हे नेमके कसे चालते यावर अजून अभ्यास सुरू आहे.

"म्हातारपणी झोप कमीच लागते" असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. झोप हलकी होते, मध्येच मोडते, पण गरज फारशी कमी होत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तास झोप हवी असे तज्ज्ञ सांगतात.

आपल्या घरातील रात्र

आता आपल्या घरांकडे पाहू. उन्हाळ्यात फजरचा वक्त मुंबई-कोकणाकडे पावणेपाचच्या सुमारास सुरू होतो, विदर्भात त्याहूनही लवकर. वडीलधारी माणसे फजरला उठतात आणि उठणारच. पण रात्री काय होते? इशानंतर जेवण, मग टीव्ही, मुलांच्या हातात मोबाइल, कुणी साडेअकराला कामावरून येतो, त्याला ताट वाढायचे असते. दिवे मालवता मालवता बारा वाजतात. बारा ते पाच म्हणजे पाच तास. सकाळच्या उठण्यात दोष नाही, रात्रीच्या जागण्यात आहे. पहाटेची वेळ ठरलेली असेल, तर झोपेचे तास वाढवायला एकच जागा उरते, ती म्हणजे रात्र.

यात सर्वात कमी झोप कुणाच्या वाट्याला येते? बहुतेक घरांत अम्मीच्या. ती सर्वांनंतर आडवी होते आणि सर्वांआधी उठते. रमजानमध्ये तरावीहनंतर भांडी आवरून ती झोपते आणि सहरीसाठी सर्वात आधी चूल पेटवते. अब्बा निदान मशिदीपर्यंत पायी जाऊन येतात, चार लोकांशी बोलतात. अम्मीचे चालणे स्वयंपाकघर ते न्हाणीघर एवढेच. "मी दिवसभर उभीच असते" असे ती म्हणते आणि ते खरेच असते. पण उभे राहून थकणे आणि श्वास वाढेल असे चालणे, यात फरक आहे.

भारतातील वृद्धांच्या एका देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. साठीपुढील 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश असल्याचा त्यांचा अंदाज आहे, आणि हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आहे. याची कारणे अनेक आहेत, शिक्षण कमी मिळाले हेही त्यातले एक. शाळेची ती वर्षे आज परत आणता येणार नाहीत. झोप आणि चालणे मात्र आजही तिच्या वाट्याला आणून देता येते.

किती आणि कसे चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम वेगाची हालचाल हवी. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास. वेग ओळखायचा सोपा मार्ग असा: चालताना बोलता यावे, पण नअत सुरात म्हणता येऊ नये. एकदम अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालले तरी चालते. सुरुवात पाच मिनिटांनीही करावी.

नमाजच्या हालचालींनी सांधे आणि पाठ हलती राहते. पण तिने श्वास फारसा वाढत नाही, म्हणून तिला चालण्याच्या हिशेबात धरू नये. मशीद जवळ असेल आणि पाय साथ देत असतील, तर स्कूटरवर बसवून नेण्यापेक्षा अब्बांना पायी जाऊ द्यावे. अम्मीसाठी सकाळी किंवा असरनंतरची वेळ ठरवावी. शेजारच्या दोघी-तिघी सोबत असल्या तर चालणे टिकते आणि बोलणेही होते. माणसांत मिसळणे हेही मेंदूला हवेच असते. बाहेर जाणे जमत नसेल तर गच्ची किंवा घरापुढची गल्ली चालेल.

आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठीही द्यावेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, असे आठ-दहा वेळा केले तरी मांड्यांना बळ येते. तोल सांभाळण्यासाठी ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहावे, मग पाय बदलावा. तोल सावरला तर पडणे टळते. हृदयविकार, फार वाढलेला रक्तदाब किंवा गुडघ्याचा मोठा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे.

झोपेसाठी घराने काय करावे?

जेवण शक्य तेवढे लवकर घ्यावे. वडीलधाऱ्यांच्या खोलीतला दिवा आणि आवाज दहाच्या सुमारास बंद व्हावा. उशिरा येणाऱ्याचे ताट झाकून ठेवावे, त्याने ते स्वतः गरम करून घ्यावे. सहरीचे काम वाटून घ्यावे. एक दिवस मुलगा उठेल, एक दिवस सून, एक दिवस नातू. रात्रीच्या जेवणानंतरचा चहा बंद करावा, कारण त्यातील कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात उरलेला असतो.

रात्र लहान पडली तर दुपारचा कैलूला उपयोगी आहे. पण तो वीस-तीस मिनिटांचा असावा आणि असरच्या आत संपावा. दुपारी दोन तास झोपले की रात्री डोळा लागत नाही, आणि मग तेच चक्र सुरू होते. दिवसा उजेडात चालले की रात्री झोप चांगली लागते, आणि झोप नीट झाली की दुसऱ्या दिवशी चालायची उमेद राहते.

झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. सर्दी-ॲलर्जीच्या काही गुंगी आणणाऱ्या औषधांनीही वृद्धांच्या डोक्यात गोंधळ होतो आणि रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे.

हे वयाचे नव्हे, दाखवून घ्या

रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, दूधवाल्याला दोनदा पैसे देणे, नमाज पढून झाल्यावर "मी पढले का?" असे पुन्हा पुन्हा विचारणे, घरच्यांची नावे अडणे, स्वभाव एकदम बदलणे, ही लक्षणे वयाच्या नावावर खपवू नयेत. जीवनसत्त्व बी-12 ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड आणि नैराश्य यांनीही विसर वाढतो, आणि यांवर उपचार आहेत. कमी ऐकू येत असेल तर कानांची तपासणी करावी, कारण बहिरेपणाने माणूस एकटा पडतो आणि मेंदूलाही नुकसान पोहोचते. झोपेत मोठ्याने घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर आठ तास झोपूनही मेंदूला विश्रांती मिळत नाही. तेही डॉक्टरांना सांगावे.

आमची एवढीच विनंती आहे की या आठवड्यात घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाचे दोन आकडे कॅलेंडरवर रोज लिहावेत. रात्री किती तास झोप झाली आणि दिवसा किती मिनिटे चालणे झाले. जुम्मा ते जुम्मा सात दिवस लिहिले की कुणाचे काय कमी पडते ते दिसेल. अम्मीच्या नावापुढे पाच तास आणि शून्य मिनिटे दिसली, तर तिला "आराम कर" म्हणू नका. ती करणार नाही. त्याऐवजी रात्रीची भांडी कोण घासणार आणि संध्याकाळी तिच्यासोबत कोण चालणार, हे दस्तरखानावर बसल्या बसल्याच ठरवा.