चोराचा शोध आणि घराचा उंबरठा

चोरी ती चोरीच. मग ती धान्याच्या पोत्याची असो वा संगणकाच्या प्रणालीची. पुष्कळ सुशिक्षित घरांतून विंडोज प्रणालीची फुकट मिळविलेली नक्कल वापरली जाते व त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं, हें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. ज्यानें श्रम केले त्यास मोल मिळालेंच पाहिजे. तथापि चोर शोधण्याचा धन्याचा अधिकार मान्य केला, तरी तो शोध कोणत्या रीतीनें व्हावा, हा प्रश्न उरतोच.

२००१ सालीं आलेली विंडोज एक्सपी ही प्रणाली बसविल्यावर ३० दिवसांच्या आंत मायक्रोसॉफ्ट कंपनीकडून चालू करून घ्यावी लागे. २००५ सालीं ‘विंडोज जेन्युइन ॲडव्हान्टेज’ या नांवाची तपासणी सुरू झाली. प्रत अस्सल आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं तींत परवान्याचा क्रमांक, यंत्र बनविणाराचें नांव, हार्ड डिस्कचा अनुक्रमांक इत्यादि माहिती कंपनीकडे जात असे. खरा वाद पेटला तो २००६ सालीं. त्या वर्षीं या तपासणीचा एक नवा भाग, विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या दुरुस्त्या ज्या वाटेनें घरोघर पोंचत, त्याच वाटेनें पाठविण्यांत आला. जून महिन्यांत असें उघडकीस आलें कीं, हा भाग दररोज कंपनीच्या यंत्राशीं संधान बांधतो. आणि ही गोष्ट वापरणारांस स्पष्टपणें सांगितलेली नव्हती! कार्यक्रम बिघडल्यास तो दुरून बंद करतां यावा, एवढाच हेतु असल्याचा खुलासा कंपनीनें केला, व त्याच महिन्याच्या अखेरीस ती रोजची विचारपूस काढून टाकली. अमेरिकेंत सिॲटल येथील कोर्टांत दावाही झाला. तो २०१० सालीं संपुष्टांत आला.

कंपनीचा खुलासा खरा मानला, तरी आमचा आक्षेप कायम राहतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हेर गृहस्थाच्या, व्यापाऱ्याच्या, तापसाच्या वेषानें वावरतात; कारण त्या वेषांवर लोकांचा विश्वास असतो. रक्षणाच्या वेषानें पाळत घरांत आली, कीं उद्यां लोक खऱ्या रक्षकालाही दार उघडणार नाहींत. दुरुस्त्या घेणें लोकांनीं सोडलें, तर विषाणूंचेंच फावेल.

दुसरी हानि सज्जनांची. ऑगस्ट २००७ मध्यें कंपनीच्याच यंत्रांत दोष उद्भवला आणि सुमारें १९ तास अस्सल प्रतीही नकली ठरत होत्या. कंपनीच्या सांगण्याप्रमाणें १२,००० हून कमी संगणकांस याची झळ लागली. संख्या लहान खरी; पण ज्यानें रोख दाम मोजले, त्यास क्षणभर तरी कां होईना, चोर कां म्हणवून घ्यावें लागावें?

एकत्र कुटुंबांत राहणारांस ही मर्यादा नवी नाहीं. सुनेला माहेराहून आलेलें पत्र सासऱ्यानें फोडूं नये; हेतु शुद्ध असला तरीही फोडूं नये. वाचावयाचेंच असेल तर आधीं विचारावें. कंपनीसही हाच नियम लागू आहे: काय पाहणार, किती वेळां पाहणार व कशासाठीं, हें आधीं सांगावें आणि मग पाहावें.

आमच्या वाचकांनीं आपल्या बाजूनें दोन गोष्टी कराव्या. प्रणाली विकतच घ्यावी व तिची पावती जपून ठेवावी. मोल परवडत नसेल तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली उघड्या माथ्यानें वापरावी. आणि संमतीचा मजकूर पुढें येतांच ‘होय’ दाबण्यापूर्वीं तो घरांतील जाणत्या मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्यावा. जो स्वतः चोरीचा माल ठेवीत नाहीं, त्यालाच झडती घेणाराला ‘कां?’ म्हणून विचारण्याचें बळ असतें.