खाणीतले पाणी पाखरांना द्या

चंदगड तालुक्यातले सडे, म्हणजे जांभ्याची पठारे, दोन गोष्टी देतात. घरासाठी जांभ्याचा चिरा आणि कारखान्यासाठी बॉक्साइट. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याला कोल्हापूर जिल्ह्यातल्या याच बॉक्साइटचा आधार राहिला. कासारसडा हे नाव खाणीमुळेच तालुक्याबाहेर पोचले. माल संपला, यंत्रे हलली, की मागे खड्डा उरतो. मृगाचा पाऊस लागला की तो भरतो आणि मग त्याला कोणी वाली नसतो. कुठे कचरा पडतो, तर कुठे पोहायला उतरलेली पोरे बुडाल्याची बातमी येते.

या खड्ड्यांपैकी निवडक खड्डे पाणपक्ष्यांसाठी राखले पाहिजेत.

जिल्ह्याला ही कल्पना अनोळखी वाटू नये. रंकाळा मुळात दगडाची खाण होता, असे परंपरा सांगते. देवळांसाठी दगड निघाला आणि त्या खोलगटात पुढे पाणी साठले. सांडपाणी आणि जलपर्णीने त्याच रंकाळ्याचे काय केले, तेही कोल्हापूरकरांनी पाहिले आहे.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळ वाळू-खडी उपसलेल्या खड्ड्यांचे ॲटनबरो राखीव क्षेत्र झाले; १९६६ मध्ये त्याचे उद्घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केले. आपल्याकडे दिल्लीच्या असोला-भाटी अभयारण्यात जुन्या खाणींची तळी आहेत. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानाची जमीनही खाणींनी पोखरलेली होती. नागरिकांनी तिथे अरवलीतलीच झाडे परत आणली आणि २०२२ मध्ये, अभयारण्याच्या चौकटीबाहेर राहूनही निसर्ग जपणारी देशातली पहिली जागा म्हणून तिची नोंद झाली.

नुसते पाणी साठले म्हणून पक्षी येत नाहीत. चिरेखाणीच्या भिंती यंत्राने ओळंब्यात कापलेल्या असतात. काठावरून पाय टाकला की थेट खोल पाणी. पाणकावळा आणि टिबुकली तिथे बुडी मारतील. पण वंचकाला, तुतवारीला, हिवाळ्यात येणाऱ्या धोबी पक्ष्याला वीतभर पाण्याचा उतरता काठ लागतो. म्हणून एखाद-दुसरी बाजू फोडून उतार करावा, मध्ये मातीचा उंचवटा ठेवावा, काठाला लव्हाळे वाढू द्यावे. मातीची एखादी उभी दरड मात्र मोडू नये, खंड्या आणि वेडा राघू तिच्यात बिळे कोरतात. ही कामे जेसीबी जागेवर असतानाच स्वस्तात होतात. खाण सोडून ठेकेदार गेला, की तोच खर्च कोणाच्याच अंगाला लागत नाही.

प्रत्येक खड्डा या कामाचा नसतो. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी झिरपून जाते. जिथे तळाशी शेडीसारखी चिकण माती लागली आहे, तिथेच ते उन्हाळ्यापर्यंत तग धरते. उरलेल्या खड्ड्यांत काढून ठेवलेली माती परत भरून स्थानिक झाडोरा लावावा. ऑस्ट्रेलियन बाभळीच्या रांगा उभ्या करून हिरवळ दाखवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

या कल्पनेचा एक धोका आहे. उद्या खाणवाले म्हणतील, शेवटी तळेच होणार असेल तर आणखी खणू द्या. तसे होऊ देता कामा नये. न खणलेला सडा ओसाड दिसला तरी पावसाळ्यात त्यावर फुलणाऱ्या कित्येक वनस्पती पश्चिम घाटाबाहेर उगवत नाहीत, आणि त्याच्या पोटात मुरलेले पाणी खालच्या गावांच्या झऱ्यांना जाते. दहा तळी केली तरी त्या सड्याची भरपाई होत नाही.

गावकऱ्यांची शंकाही खरी आहे. पाण्यावर गवे येतील, काजूची आणि उसाची नासाडी करतील. ‘राखीव’ म्हटले की वनखात्याचे कुंपण पडेल. त्यामुळे तळे वस्ती आणि शेतापासून दूर निवडावे लागेल आणि पीकनुकसानीची भरपाई वेळेत द्यावी लागेल. कुंपणाच्या भीतीवर कायद्यातच वाट आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने पश्चिम महाराष्ट्रातली जी संवर्धन राखीव क्षेत्रे मंजूर केली, त्यांत चंदगडचे २२५ चौरस किलोमीटर होते आणि खटाव तालुक्यातले मायणीचे पक्षीक्षेत्रही होते. मायणीचा तलावही माणसाने बांधलेलाच. अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. जमीन खासगी किंवा सामुदायिक असेल, तर मालकांच्या संमतीने ‘समुदाय राखीव’ करता येते.

पैशाचीही सोय आहे. खाणपट्टेधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी जमा होतो आणि तो खाणबाधित भागातल्या पर्यावरणावर खर्च करता येतो. बॉक्साइटच्या खाणीला तर बंद होण्याच्या दोन वर्षे आधी खाणबंदीचा अंतिम आराखडा द्यावा लागतो. तेवढ्या काळात संबंधित ग्रामसभांनी वनखाते आणि तहसील कार्यालयाला बरोबर घेऊन मे महिन्यात प्रत्येक खड्ड्याची पाहणी करावी, कुठे किती पाणी टिकते याची नोंद ठेवावी आणि काठाच्या उतारांची अट त्या आराखड्यात लेखी घालून घ्यावी.